आयर्लंडमध्ये स्वतःचे घर बांधताना: असाइन्ड सर्टिफायर नेमायचा की ऑप्ट आउट करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयर्लंडच्या ग्रामीण भागात एक मराठी जोडपे स्वतःच्या जागेवर स्वतंत्र घर बांधणार आहे. प्लॅनिंगची परवानगी मिळाली आहे आणि बँकेने कर्ज मंजूर केले आहे. मुख्य कंत्राटदार न नेमता गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन वेगवेगळे लावून, म्हणजे इथल्या भाषेत डायरेक्ट लेबरने, काम करून घ्यायचे आहे. कमेन्समेंट नोटीस, म्हणजे काम सुरू करण्याआधी कौन्सिलला द्यायची सूचना, भरायला घेतली तेव्हा दोन वाटा दिसल्या. असाइन्ड सर्टिफायर, म्हणजे बांधकाम तपासून ते नियमांत बसते असे लिहून देणारा व्यावसायिक, नेमून पूर्ण वैधानिक प्रमाणन घ्यायचे, नाहीतर ऑप्ट आउटचे, म्हणजे या प्रमाणनातून बाहेर राहण्याचे, घोषणापत्र देऊन तो खर्च वाचवायचा. शेजारी सांगतात, "सगळे ऑप्ट आउटच करतात."

मी इथे चार्टर्ड इंजिनिअर म्हणून घरांच्या बांधकामाची तपासणी करतो. दोन्ही वाटांनी उभी राहिलेली घरे, आणि ती पुढे विकताना किंवा कर्ज बदलताना काय होते, हे जवळून पाहिले आहे. तुमच्या परिस्थितीत मी वैधानिक वाट घ्यायला सांगेन. ऑप्ट आउट वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. काही घरांसाठी ते अगदी योग्य आहे, त्याबद्दल खाली लिहितो. पण बँकेचे कर्ज, डायरेक्ट लेबर आणि आयुष्यातले पहिलेच बांधकाम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ऑप्ट आउट सहसा महागात पडते.

ऑप्ट आउट म्हणजे बांधकाम नियमांतून सुटका, हा समज आधी काढून टाका. 1997 च्या बिल्डिंग रेग्युलेशन्सचे ए ते एम असे 12 भाग आहेत: रचना, आग, ओल आणि रेडॉन, ध्वनी, वायुवीजन, सांडपाणी, जिने, ऊर्जा, सुलभ वावर वगैरे. ते तुमच्या घराला दोन्ही वाटांनी तंतोतंत सारखेच लागू आहेत. ऑप्ट आउटमध्ये सुटतात ती फक्त वैधानिक प्रमाणपत्रे. घर नियमांत बसवण्याची कायदेशीर जबाबदारी तेवढीच राहते. उलट वैधानिक वाटेत त्याबद्दल लेखी हमी देणारा एक व्यावसायिक तुमच्या शेजारी उभा असतो. ऑप्ट आउटमध्ये त्या कागदावर फक्त तुमची सही असते.

दुसरा गैरसमज आपल्या लोकांमध्ये विशेष आढळतो. महाराष्ट्रात नगरपालिका भोगवटा प्रमाणपत्र देते, म्हणजे शेवटी सरकारी माणूस येऊन शिक्का मारतो, ही आपली सवय. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तसे काही नाही. काउंटी कौन्सिलचा बिल्डिंग कंट्रोल विभाग तुमचे घर मंजूर करत नाही. तो कागद स्वीकारतो, नोंदवहीत नोंद करतो आणि काही बांधकामांना भेट देतो. नव्या इमारतींपैकी 12 ते 15 टक्के तपासायच्या, असे कौन्सिलांचे उद्दिष्ट आहे. म्हणजे तुमच्या जागेवर कौन्सिलचे कोणीच न येण्याची शक्यता जास्त आहे. (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे. तिथे डिस्ट्रिक्ट कौन्सिल स्वतः तपासून पूर्णत्वाचे प्रमाणपत्र देते. सीमेपलीकडच्या मित्राचा सल्ला इकडे लागू होत नाही.) त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो: तुमचे काम कोण डोळ्यांनी पाहणार, आणि पाहिले असे कोण लिहून देणार?

ही व्यवस्था आली कुठून हे कळले की तिचा हेतू समजतो. ऑक्टोबर 2011 मध्ये डब्लिनमधल्या प्रायरी हॉल या संकुलातल्या रहिवाशांना आगीच्या धोक्यामुळे घरे सोडावी लागली. त्याआधीच्या तेजीच्या काळात प्रमाणपत्रे बहुतेक वेळा घर झाल्यावर, वरवर पाहून दिली जात. 1 मार्च 2014 पासून नवे नियम लागू झाले. नवे घर, तसेच 40 चौरस मीटरपेक्षा मोठी वाढ, यांसाठी आराखड्याचे प्रमाणपत्र, असाइन्ड सर्टिफायर, बिल्डरची हमी आणि शेवटी पूर्णत्वाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. स्वतःचे एकेकटे घर बांधणाऱ्यांनी खर्चाबद्दल जोरदार तक्रार केली. म्हणून 1 सप्टेंबर 2015 पासून स्वतंत्र जागेवरचे एक घर आणि घराची वाढ यांच्यासाठी ऑप्ट आउटची सोय आली.

वैधानिक वाटेत घडते ते असे. आराखडा नियमांत बसतो असे डिझाइन सर्टिफायर लिहून देतो. असाइन्ड सर्टिफायर तपासणीचा आराखडा बनवतो, ठरलेल्या टप्प्यांवर येऊन पाहतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, खिडक्या बसवणारा, हवाबंदपणाची चाचणी घेणारा अशांची पूरक प्रमाणपत्रे गोळा करतो. शेवटी बिल्डर आणि तो, दोघे पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रावर सही करतात. हे सगळे बिल्डिंग कंट्रोल मॅनेजमेंट सिस्टीम या ऑनलाइन व्यवस्थेत जाते आणि प्रमाणपत्र कौन्सिलच्या सार्वजनिक नोंदवहीत कायमचे राहते. सही करू शकणारे तीनच प्रकारचे लोक आहेत: नोंदणीकृत आर्किटेक्ट, चार्टर्ड इंजिनिअर आणि नोंदणीकृत बिल्डिंग सर्व्हेअर. नाव इथल्या नोंदवहीत हवे. पुण्यातला आर्किटेक्ट चुलतभाऊ सुंदर नकाशे काढून देईल, पण सही त्याची चालणार नाही. ग्रामीण भागात घरांचे नकाशे काढणारा प्रत्येक ड्राफ्ट्समनही या तिघांत बसत नाही. हे आधीच विचारून घ्या, कारण बरेच लोक याच कारणाने नकळत ऑप्ट आउटकडे ढकलले जातात. नकाशे काढणारा स्वतः सही करू शकत नाही, म्हणून तो "गरज नाही" असे सांगतो. त्याचा सल्ला प्रामाणिक असेलही, पण त्यात त्याची अडचण मिसळलेली असते.

ऑप्ट आउट केलेल्या घराला पूर्णत्वाचे वैधानिक प्रमाणपत्र पुढे कधीही मिळत नाही. बांधकाम सुरू होण्याआधी जे कागद दाखल व्हायला हवेत ते दाखलच झालेले नसतात. दहा वर्षांनी पैसे मोजायची तयारी दाखवली तरी मागे जाता येत नाही. म्हणून कमेन्समेंट नोटीस देण्याचा क्षण इतका निर्णायक आहे. ही नोटीस काम सुरू करण्याच्या किमान 14 आणि जास्तीत जास्त 28 दिवस आधी द्यायची असते, शुल्क फक्त 30 युरो आहे, पण न देता काम सुरू केले तर तो गुन्हा आहे आणि ती चूक नंतर नियमित करून घेण्याची कोणतीही सोय कायद्यात नाही. "जरा पाया खणून ठेवू, नोटीस पुढच्या आठवड्यात" असे म्हणणाऱ्या जेसीबीवाल्याला जागेवर पाऊलही ठेवू देऊ नका.

आता बँक आणि वकील. ऑप्ट आउट केलेल्या घराचा व्यवहार होतो, कर्जही मिळते. पण खरेदीदाराचा वकील वैधानिक प्रमाणपत्राच्या जागी दुसरे काहीतरी मागतो: ऑप्ट आउटच्या घोषणापत्राची प्रत आणि एखाद्या व्यावसायिकाचे, घर बांधकाम नियमांशी मोठ्या अंशी सुसंगत आहे असे मत. इथे त्याला ओपिनियन ऑन कम्प्लायन्स म्हणतात. हे मत किती वजनाचे आहे हे ते देणाऱ्याने काय पाहिले यावर ठरते. पाया भरताना, तळमजल्याच्या स्लॅबखाली, भिंती उभ्या राहताना तो आला होता का, की घर रंगवून झाल्यावर एकदा फेरी मारून गेला? दुसऱ्या प्रकारच्या मतात "झाकलेला भाग पाहिलेला नाही" असे वाक्य असते, आणि ते असायलाच हवे, कारण ते खरे असते. त्या एका वाक्यामुळे खरेदीदार मागे सरकतो.

याच्याशी जोडलेला एक घोटाळा नेहमी होतो. बँक कर्जाचे हप्ते टप्प्याटप्प्याने सोडते आणि प्रत्येक टप्प्याला एखाद्या इंजिनिअरची सही मागते. लोकांना वाटते, झाली की तपासणी. त्या सहीचा मुख्य हेतू एवढ्या रकमेचे काम जागेवर झाले आहे हे बँकेला कळावे हा असतो. भिंतीच्या आत काय आहे याची ती हमी नाही. तोच इंजिनिअर दोन्ही कामे करू शकतो, पण मग दोन्ही कामांचा करार वेगवेगळ्या शब्दांत लिहून हवा आणि भेटीही त्या हिशेबाने हव्यात.

घर नियमांत बसते की नाही याचा बहुतेक पुरावा गाडला जातो किंवा झाकला जातो. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

जमिनीपासून सुरुवात करू. स्लॅबखालचा भराव कोणत्या खाणीतून आला? 2000 च्या दशकात बांधलेल्या अनेक घरांत भरावातले पायराइट हे खनिज फुगले आणि जमिनी व भिंती तडकल्या. डोनेगल, मेयो या भागांत काँक्रीटच्या ब्लॉकमधल्या सदोष दगडी घटकांमुळे घरे अक्षरशः भुसभुशीत झाली. या दोन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भरावाच्या प्रत्येक गाडीची पावती, पुरवठादाराचा चाचणी अहवाल, ब्लॉकचे डिक्लरेशन ऑफ परफॉर्मन्स (उत्पादकाने गुणवत्तेबद्दल दिलेले लेखी घोषणापत्र) हे कागद त्या त्या दिवशी घेतले तरच मिळतात. नंतर खाण बंद झालेली असते किंवा पुरवठादार फोन उचलत नाही.

मग रेडॉन. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून घरात शिरतो आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे मोठे कारण मानला जातो. प्रत्येक नव्या घराखाली रेडॉन संप, म्हणजे वायू गोळा करून बाहेर काढता येईल असा खड्डा, ठेवायचा असतो, आणि ज्या भागात रेडॉन जास्त आहे तिथे शिवाय वायू अडवणारी चादर, म्हणजे मेम्ब्रेन, पूर्ण अंथरायची. सांधे नीट चिकटवले का, पाइप जिथून वर येतात तिथे कॉलर लावल्या का, कामगारांच्या बुटांनी ती फाटली का, हे पाहायला काँक्रीट ओतण्याआधीचा जेमतेम एखादा दिवस मिळतो. काँक्रीटचा ट्रक आला की विषय संपला. असाइन्ड सर्टिफायर असेल तर ती भेट तपासणीच्या आराखड्यात आधीपासून लिहिलेली असते. तो नसेल तर कोणाला तरी आठवावे लागते, आणि सकाळी सात वाजता ट्रक दारात उभा असताना ते कोणालाच आठवत नाही.

पुढे पोकळीच्या भिंतीतले इन्सुलेशन सलग बसले आहे की त्यात बोटभर फटी आहेत, भिंतीचे दोन थर जोडणाऱ्या पट्ट्यांवर (वॉल टाय) सिमेंटच्या मसाल्याचे गोळे साचले आहेत का, खिडकीच्या कडांना ओलरोधक थर आहे का, छताशी आग रोखणारे अडथळे आहेत का, हेही गिलावा होण्याआधीच दिसते. वरच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडता यायला हवे, म्हणून तिची मोकळी जागा किमान 0.33 चौरस मीटर लागते. हे मात्र कारखान्यात ऑर्डर देण्याआधी पाहावे, कारण खिडकी बसल्यावर बदलायचे सगळ्यांच्याच जिवावर येते.

काही चाचण्या मात्र शेवटीच होतात आणि त्या आकड्यांत बोलतात. हवाबंदपणाची चाचणी 50 पास्कल दाबावर घेतात आणि गळती तासाला प्रति चौरस मीटर 5 घनमीटरच्या आत हवी. वायुवीजनाची व्यवस्था बसवणाऱ्याने नव्हे तर स्वतंत्र माणसाने तपासून द्यायची, असा 2019 पासूनचा दंडक आहे. विजेच्या कामाचे प्रमाणपत्र नोंदणीकृत इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचे हवे. आणि शेवटी घराचे बीईआर, म्हणजे ऊर्जेच्या दर्जाचे प्रमाणपत्र. हे सगळे दोन्ही वाटांनी लागतेच.

आता डायरेक्ट लेबर, कारण तुमच्या बाबतीत गाठ इथेच बसते. वैधानिक वाटेत पूर्णत्वाच्या प्रमाणपत्राचा एक भाग बिल्डरने सही करायचा असतो. मुख्य कंत्राटदार नसेल तर मालक स्वतःला बिल्डर म्हणून नेमू शकतो, पण मग बांधकाम नियमांप्रमाणे झाले अशी सही त्याला स्वतःच्या नावाने करावी लागते आणि ते काम पेलण्याइतकी क्षमता त्याच्याकडे असावी अशी अपेक्षा असते. असाइन्ड सर्टिफायरच्या बाजूनेही पाहा. उद्या काही बिघडले तर विमा असलेला माणूस जागेवर तो एकटाच. म्हणून अनेक सर्टिफायर डायरेक्ट लेबरची घरे घेत नाहीत किंवा फी जास्त सांगतात. त्यांची भीती खरी आहे, त्यावर चिडू नका.

यावर निघालेला एक मार्ग मी आग्रहाने सुचवतो. पाया, स्लॅब, भिंती आणि छत, म्हणजे घर पावसापासून सुरक्षित होईपर्यंतचे काम एकाच अनुभवी बिल्डरला द्या, आणि बिल्डर म्हणून त्याचीच नेमणूक ठेवता येईल का हे त्याच्याशी बोला. आतली कामे तुम्ही निवडलेले कारागीर त्याच्या समन्वयाखाली करतील. वाचवायचे पैसे बहुतेक आतल्या कामांतच वाचतात. धोका मात्र बाहेरच्या कवचात आणि जमिनीखाली असतो.

ऑप्ट आउट कुणी करावे? ज्यांचे घर स्वतःच्या पैशाने होते आहे, ज्यांनी पूर्ण कामासाठी एक भरवशाचा बिल्डर नेमला आहे, आणि ज्यांनी तरीही एका इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला तितक्याच टप्प्यांवर भेटी देण्यासाठी लेखी करार करून ठेवला आहे, त्यांना हा पर्याय शोभतो. कागदपत्रे थोडी कमी होतात आणि शेवटच्या नोंदणीची वाट पाहावी लागत नाही. घरावर लक्ष ठेवणारा माणूस मात्र तोच राहतो. केवळ तपासणीचा खर्च टाळण्यासाठी ऑप्ट आउट करणाऱ्याला मी प्रत्येक वेळी थांबवायचा प्रयत्न करतो. ती रक्कम वाचवून तो पुढची कित्येक वर्षे स्वतःच्या घरातल्या न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल अंदाज बांधत राहतो.

कोणतीही वाट घेतली तरी तपासणाऱ्याशी करार करताना दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, भेटी कोणकोणत्या टप्प्यांवर होणार आणि प्रत्येक भेटीनंतर फोटोंसह लेखी टिपण मिळणार का. "गरजेनुसार भेटी" असे लिहिलेला करार सही करू नका. दुसरी, त्याचा व्यावसायिक विमा. हा विमा दावा दाखल होण्याच्या दिवशी चालू असावा लागतो, काम झाले त्या दिवशी असून भागत नाही. म्हणून आजची प्रत मागाच, पण तो माणूस किंवा ती फर्म पुढे टिकण्यासारखी आहे का हाही विचार करा. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या एकट्या व्यावसायिकापेक्षा दोन-तीन भागीदारांची छोटी फर्म मला या कामासाठी बरी वाटते. शिवाय 10 वर्षांचा स्ट्रक्चरल दोषांचा विमा घ्यायचा असेल तर तोही पाया खणण्याआधी ठरवा, कारण विमा कंपनीला स्वतःचा तपासणीस त्याच टप्प्यांवर पाठवायचा असतो.

कारागिरांच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: प्रत्येकाच्या शेवटच्या हप्त्यातला काही भाग त्याचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत राखून ठेवायचा, आणि हे काम देतानाच सांगायचे. पैसे पूर्ण मिळाल्यावर कागदासाठी परत येणारा कारागीर फार दुर्मीळ.

काही गोष्टी या निवडीच्या बाहेर आहेत, पण लोक त्या यातच मिसळतात. पूर्णत्वाचे वैधानिक प्रमाणपत्र फक्त बांधकाम नियमांबद्दल बोलते. घर प्लॅनिंग परवानगीतल्या नकाशाप्रमाणे आणि अटींप्रमाणे झाले आहे, हे वेगळे मत वेगळ्या कागदावर लागते. एक खिडकी वाढवली, घर दोन मीटर सरकवले, तर नियमांचे प्रमाणपत्र असूनही वकील अडवेल. सेप्टिक टँक आणि पर्कोलेशनची, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरण्याची, जागा मंजूर अहवालाप्रमाणे बसली याचा पुरावाही तसाच. आणि कामगारांच्या सुरक्षेचे 2013 चे नियम घरमालकालाही लागू आहेत: आराखड्यासाठी आणि बांधकामासाठी सुरक्षा पर्यवेक्षक नेमणे ही तुमची जबाबदारी आहे, ऑप्ट आउट केले तरीही.

वैधानिक वाट घेतलीत तर भाड्याचे घर सोडण्याची तारीख घाईने देऊ नका. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र नोंदवहीत येण्याआधी घरात राहायला जाता येत नाही. कौन्सिलला त्यासाठी 21 दिवस मिळतात, आणि एखादे पूरक प्रमाणपत्र कमी असले तर अर्ज परत येतो. कागद आधी दाखवून नोंदणीची तारीख ठरवून घेण्याची सोय आहे. सर्टिफायरला ती वापरायला सांगा, म्हणजे सामानाचा ट्रक आणि नोंदणी यांची गाठ पडते.

नोटीस भरण्याआधी या आठवड्यात तीन जणांना ईमेल करा. बँकेला विचारा की ऑप्ट आउट केले तर शेवटचा हप्ता सोडताना नेमके कोणते कागद लागतील. वकिलाला विचारा की पुढे विक्रीच्या वेळी तो काय स्वीकारेल. आणि तुमच्या काउंटीतल्या निदान तीन सर्टिफायरांकडून भेटींच्या यादीसह फीचे पत्र मागवा, डायरेक्ट लेबरचा उल्लेख स्पष्ट करून. उत्तरे लेखी घ्या आणि जपून ठेवा. ती हातात आली की नोटीस भरा, आणि त्यानंतर जेसीबी बोलवा.